वर केलं की चालू

आमच्या बाबांना विमानात बसवायचं होतं आणि ते बसत नव्हते. म्हणून मी मागच्या खोलीत विमानच बांधायला काढलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत फायली सरकवणारा माणूस. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद मला आधीपासून होताच, बाबांचं निमित्त मिळालं आणि त्याला पाय फुटले.

माझी धाकटी बहीण बंगळूरला असते. तिच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिचा लांबचा प्रवास बंद केला. बाबांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे गोंदियाहून रेल्वेत दिवसरात्र बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. उरलं विमान. दर रविवारी ती फोनवर एकच विचारायची, "बाबा, कधी येता?" बाबा म्हणायचे, "पाहू." दोन वर्षं ते पाहत होते.

बाबांनी उमर काढली उकव्याकडच्या मँगनीजच्या खाणीत. ते वाइंडर चालवायचे. माणसांनी भरलेला लोखंडी पिंजरा जाड तारेच्या दोरानं जमिनीच्या पोटात सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढायचा, हे त्यांचं काम. एवढं करून आलेला माणूस विमानाला भितो, याचा मला राग यायचा. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "भेत नाही मी. पन ज्याचं तोंड पाह्यलं नाही, त्याच्या हाती जीव देऊ काय? लांजीच्या बसचा ड्रायवर कसा समोर दिसते. डुलकी लागली तं हाक मारता येते."

मग मी ठरवलं, यांना विमानाचं पोट उघडून दाखवायचं. एकदा यंत्र कळलं की माणूस नरमेल.

स्वयंपाकघरातल्या कपाटाची उरलेली फळी घेतली आणि तिच्यावर स्विचांची नावं लिहिली. बाजारातून दांडीचे स्विच आणले आणि बोटाएवढा एक सर्किट बोर्ड घरपोच मागवला. या बोर्डाची गंमत अशी की त्याला स्विच जोडून तो कॉम्प्युटरमध्ये खुपसला, की कॉम्प्युटरला वाटतं, माझ्या जॉयस्टिकसारखा आणखी एक खेळायचा दांडा आला. मग कुठला स्विच म्हणजे विमानातलं काय, हे आपण त्याला एकेक करून शिकवायचं. ऐकायला सोपं आहे. मी प्रत्येक स्विचपासून बोर्डापर्यंत दोन-दोन तारा ओढल्या आणि तिसऱ्या दिवशी कुठली तार कुणाची हे मलाच कळेनासं झालं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "शेवया वाळू घातल्या काय रे?"

ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि माझ्या सगळ्या तारा उपटून टाकल्या. मला इतका संताप आला की मी उठून अंगणात गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी सगळ्या स्विचांचं एकेक टोक एकाच तारेत ओवलं होतं. "हे सगळ्याईचं कॉमन. दुसऱ्या टोकाची तेवढी येगळी तार." मग सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे कापून त्यांनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चढवले आणि त्यांवर आकडे लिहिले. सात नंबर इथे, सात नंबर तिथे. माझ्या वडिलांचे हात काम करताना मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. खाणीत आम्हाला कोण जाऊ देणार? गुडघ्यांनी हरलेला हा माणूस, पण त्याची बोटं एकदाही चुकली नाहीत. मी पाहतच राहिलो.

रविवारी सकाळी आम्ही जोडणी केली. पडद्यावर दोन जणांचं एक छोटं विमान धावपट्टीवर मेल्यासारखं उभं होतं. मी म्हणालो, "बाबा, मेन तुम्ही लावा." त्यांनी पहिला स्विच पाडला. खट्. पडद्यावर दिवे लागले, काटे थरथरले आणि उठून आपापल्या जागी गेले. कपाटाची फळी, सायकलची ट्यूब, आमच्या मागच्या खोलीतला एक खटका, आणि तिकडे एक विमान जागं झालं! बाबांनी स्विचवरचं बोट काढलंच नाही. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. काटे पडले, पुन्हा उठले.

"याले समजून राह्यलं," ते हळूच म्हणाले.

उडवायला मात्र मीच बसलो आणि तिथे आमची फजिती झाली. एका शिकवणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहून मी चाललो होतो. उतरण्याआधी तो म्हणाला, इंधनाचा स्विच वर आहे ना बघा. माझा खाली होता. मी झटकन वर केला. इंजिन गप्प झालं, पंखा समोर आडवा थांबला आणि आम्ही कुणाच्या तरी शेतात जाऊन पडलो. तीनदा उडवलं, तीनदा त्याच शेतात. वायरिंगला नावं ठेवत मी बाबांवरच डाफरलो.

बाबा उठले आणि दाराजवळचं ट्यूबलाइटचं बटन पाहायला लागले. खाली पाडलं, लागली. वर केलं, विझली. मग मला कळलं. आपल्या घरात बटन खाली पाडलं की चालू होतं. बाबांनी सगळी फळी त्याच हिशेबानं जोडली होती आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. विमानात मात्र वर केलं की चालू. मी तीन वेळा माझ्याच हातानं इंधन तोडलं होतं.

बायको चहा घेऊन आली. ऐकून बाबांना म्हणाली, "मामाजी, अख्खी फळीच उलटी करून टाका ना."

"अन् त्याच्यावरची नावं? मंग मले डोक्यावर उभं राहून उडवा लागन," बाबा म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक स्विच सोडवून फिरवायला बसले. "इमान जसं मानते तसं करा लागते. आपल्या घरची रीत त्याच्यावर नाही चालत."

त्यानंतर इंजिन बंद पडलं नाही, पण माझं उतरणंही जमलं नाही. मी खिडकीबाहेरची धावपट्टी पाहायचो, ती अंगावर आली की घाबरून दांडा ओढायचो आणि आपटायचो. शेवटी बाबा म्हणाले, "सरक."

ते बसले. मी वेग सांगत होतो. त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. डोळे फक्त उंचीच्या काट्यावर. मी ओरडलो, "बाबा, समोर पाहा, जमीन आली!" ते म्हणाले, "मले नोको दाखवू. काटा सांगते मले." काटा खाली येत गेला तसा त्यांचा हात मंद होत गेला, इतका मंद की हलतोय की नाही कळेना. विमान टेकलं. एकदा उसळलं, धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि उभं राहिलं. अख्खं.

माझा बाप काय करत होता एवढी वर्षं, ते मला पन्नाशीत पहिल्यांदा दिसलं.

बाबांनी दांडा सोडला नव्हता. "बेटा, खऱ्या इमानात मांगं बसलेले लोक पायलटले दिसतात काय?"

"नाही बाबा. मध्ये दार असतं. बंद."

"अन् त्याइले थो?"

"तोही नाही दिसत."

त्यांनी पडद्यावरच्या काट्याकडे पाहिलं. तो शून्यावर होता.

"मलेबी नाही दिसत होते," ते म्हणाले. "इंजिनघरात भित्ताड समोर. घंटीचे तीन ठोके पडले का समजाचं, मानसं चढली. कोन हाय, किती लेकराइचा बाप हाय, काई मालूम नाही. खोलीचा काटा पाहाचा अन् पिंजरा सोडाचा." मग म्हणाले, "पन त्याइच्यातल्या एकानंबी कधी येऊन पाह्यलं नाही का बाप्पा, आज मशीनवर कोन बसला हाय. चढत होते अन् जात होते."

मी खाली वाकून उगाच तारा नीट करायला लागलो.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला, रविवारचा. मी उचलला तर बाबांनी हात पुढे केला. तिनं नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच ते बोलले.

"येऊन राह्यलो मी, बेटा," ते म्हणाले. "इमानानं."