डबलरावांची दुसरी प्रत

डबलरावांच्या खिशाला दोन पेनं असत, दाराला आतून दोन कड्या असत आणि प्रत्येक वाक्य ते दोनदा बोलत: एकदा ऐकणाऱ्यासाठी, एकदा स्वतःला ऐकू यावं म्हणून. हे नाव त्यांना कचेरीतल्या शिपायानं दिलं. पुढचं ‘राव’ मानासाठी नव्हतं, चालण्यासाठी होतं. आपण वर चाललो आहोत याची जगानं नोंद घ्यावी अशा बेतानं ते जिन्याच्या दर पायरीवर पाय टाकत.

थोरला भाऊ गणितात हुशार, धाकटी बहीण गळ्यानं गोड. मधले हे कशातच नव्हते. मग एक दिवस वडिलांच्या कपाटाची किल्ली हरवली आणि यांच्याकडे दुसरी निघाली, कुणी न सांगता करून आणलेली. वडील म्हणाले, "घरात एक तरी शहाणा आहे." त्या एका वाक्यावर डबलरावांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. माणूस पेन्शनवर काढतो तसं.

लग्न झाल्यावर बायकोला स्वयंपाकघरात दोन गाळण्या, दोन विळ्या आणि एकावर एक ठेवलेल्या दोन इस्त्र्या सापडल्या. ती म्हणाली, "अहो, मी मात्र एकच आहे, जपून वापरा." डबलराव तेव्हा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना हसले. विनोद आत पोचायला त्यांना रात्र लागे.

असा माणूस शेवटी सर्व्हर सांभाळायलाच जाणार. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका कचेरीत त्यांना ती नोकरी लागली. सर्व्हर ठेवला होता पूर्वीच्या न्हाणीघरात. भिंतीतल्या नळाची तोटी अजून तिथंच होती आणि तिच्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा बसवला होता. पूर्ण कचेरीत गार हवेचं यंत्र तेवढ्या खोलीतच होतं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांना सर्व्हरची काळजी वाटे. डबलरावांना तो आपल्याबद्दलचा जिव्हाळा वाटे.

सर्व्हरच्या पेटीत दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जाई. या व्यवस्थेला रेड म्हणतात आणि यातल्या या साध्या जोडीला मिरर, म्हणजे आरसा. एक डिस्क मेली तरी दुसरी काम चालू ठेवते; मेलेलीच्या जागी कोरी बसवायची, मग जिवंत डिस्क आपलं सगळं तिच्यावर उतरवून देते. डबलरावांना हे समजलं त्या दिवशी त्यांना आपल्या स्वभावाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. तोंडाला काळं लागलं तर आरसा तेही इमानानं दाखवतो, चूक झाली तर तीही दोन्हीकडे उतरते, हे मात्र ते कुणाला सांगत नसत. लपवत नव्हते बिचारे. त्यांना ते सुचलंच नव्हतं.

यंत्र मोजायला शून्यापासून सुरुवात करतं. पहिली डिस्क शून्य, दुसरी एक. हे डबलरावांना पटेना. शून्य म्हणजे नसणं, आणि जी डोळ्यांसमोर आहे तिला नसणं कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल. त्यांनी पहिलीवर ‘१’ आणि दुसरीवर ‘२’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, वरून पारदर्शक पट्टी लावली आणि यंत्राची एक चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात घरी गेले.

कचेरीत आराखडे काढणारी एक बाई होती, सगळे तिला ताई म्हणत. एका मोठ्या दवाखान्याचं काम तिच्याकडे आलं होतं. जवळजवळ वर्षभर ती त्याच एका इमारतीत राहत होती म्हणा ना: स्ट्रेचर कुठल्या वळणावर अडकेल, प्राणवायूची नळी कुठल्या भिंतीतून जाईल, बाळंतिणीच्या खिडकीत ऊन किती वाजता येईल. संध्याकाळी निघताना ती सगळं काम खिशात मावेल अशा एका डिस्कवर उतरवून पर्समध्ये टाकून नेई. एकदा डबलरावांनी ते पाहिलं.

त्यांनी प्रकरण थेट साहेबांकडे नेलं. साहेब म्हातारे वास्तुशिल्पी, कागदावर वाघ, पण संगणकाला भिऊन असत. मिरर असताना ही घरगुती प्रत कशाला, उद्या दोन-दोन आराखडे फिरायला लागले तर खरा कोणता समजायचा, असं डबलरावांनी विचारलं. साहेबांना उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. ताईला सगळ्यांसमोर आपली डिस्क पुसावी लागली. तिनं एवढंच विचारलं की तुमच्या पेटीला काही झालं तर? डबलराव म्हणाले, "मिरर आहे ताई. मिरर आहे." जगात प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असाव्यात, पण दोन्ही आपल्या ताब्यात असाव्यात, हे त्यांचं खरं मत होतं.

आणि मग ज्या दिवशी दवाखान्याची मंडळी आराखडे बघायला यायची होती, त्याच सकाळी पेटीवर नारिंगी दिवा लागला. एक डिस्क गेली होती. आग बघून बंबवाल्याला होतो तसला आनंद डबलरावांना झाला. इतकी वर्षं हा माणूस काय करतो असं विचारणारे सगळे आता दारात उभे होते. ‘१’ची चिठ्ठी असलेली डिस्क मेली होती. यंत्र बंद करून ती त्यांनी बाहेर काढली, खोक्यातून कोरी काढून तिच्या जागी बसवली आणि खोका काखेत धरून यंत्र सुरू केलं.

पडद्यावर यंत्रानं विचारलं: कुठून उतरवू, शून्यावरून की एकवरून? नवीन डिस्क ‘१’ची, तेव्हा जुनी राहिली ती शून्य, असा डबलरावांनी हिशेब केला. स्वतःच्या चिठ्ठ्या आणि यंत्राचे आकडे त्यांनी एकाच वाक्यात वापरले. यंत्रानं खात्री आहे का असं पुन्हा विचारलं. डबलरावांना खात्री नाही असं आयुष्यात काही नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. काम बंदच असल्यानं सगळी कचेरी चहाचे पेले घेऊन न्हाणीघराशी जमली. दर टक्क्याला कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचे. पाव भाग झाला तेव्हा शिपायानं टाळी वाजवली. तेवढ्यात दवाखान्याची मंडळी आली आणि साहेब त्यांना तिकडेच घेऊन आले. इथं काहीही हरवत नाही, असं ते सांगत होते. मंडळींतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मूत्रपिंडं आम्हालाही दोन मिळालीत, पण मेलेलं पुन्हा भरून देणारा कुणी भेटला नाही. सगळे हसले. साहेबांनी डबलरावांकडे बोट केलं. "हा आमचा माणूस. पुढच्या महिन्यापासून सगळ्या शाखांचं हाच बघणार."

डबलरावांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी काखेतला खोका हातात घेऊन उलटसुलट केला. खोक्यावर नव्या डिस्कचा कारखान्यातला लांबलचक क्रमांक छापला होता. पडद्यावर ‘कुठून’ या शब्दापुढे एक क्रमांक होता. दोन्ही एकच होते.

कोरी डिस्क आपलं कोरेपण भरलेल्या डिस्कवर उतरवत होती. पट्टी एकतिसाव्या टक्क्यावर होती.

या विषयातलं जे थोडं त्यांना खरंच येत होतं ते नेमकं त्या क्षणी आठवलं. आत्ता बटण बंद केलं तर पुढचं सगळं अजून जागेवर आहे. जाणकाराकडे नेलं तर तो खरवडून बरंच परत देईल. फक्त हात पुढे करायचा होता. हात पुढे केला की साहेब विचारणार, काय झालं. मग सांगावं लागणार. डॉक्टरीणबाईंसमोर, शिपायासमोर, आणि जिची प्रत पुसायला लावली तिच्यासमोर.

बत्तीस, शिपाई ओरडला.

ताई गर्दीतून पुढे आली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, डबलरावांच्या तोंडाकडे बघत होती. "अहो, काही चुकतंय का? थांबवता येत असेल तर थांबवा ना. मी आधी माझ्या फायली बघते."

डबलराव या वेळी एकदाच म्हणाले, "मध्येच थांबवलं तर सगळं जाईल, ताई."

त्यानंतर पट्टी कशी सरकली ते त्यांनी उभ्यानं पाहिलं. लोक गेले, जेवून आले, पुन्हा जमले. डबलराव जेवायला गेले नाहीत, आणि ही त्यांची कर्तव्यनिष्ठा साहेबांनी पाहुण्यांना आवर्जून दाखवली. सत्तराच्या पुढे त्यांना भीती वाटेनाशी झाली. उलट एक विचित्र शांतता आली. वाचवण्यासारखं काही उरलं नाही की माणसाला येते तशी. शंभर झाले. दोन्ही दिवे हिरवे लागले. पडद्यावर आलं की जोडी पूर्ण निरोगी आहे, आणि ते खोटं नव्हतं. दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या होत्या. दोन्हीवर काही नव्हतं.

ताईनं आपल्या टेबलावर जाऊन फोल्डर शोधला. सर्व्हरच सापडत नाही असं यंत्र म्हणालं. तिनं पुन्हा शोधला. साहेब तिला म्हणाले की तुमचं यंत्र जुनं झालंय, दुसऱ्यावर बघा. ती एकेका टेबलावर जाऊन बघत राहिली आणि तिच्यामागे पाहुणे, हातात चहाचे पेले तसेच.

डबलरावांनी सगळ्यांना सांगितलं की नवी डिस्कच सदोष होती, हल्ली माल असलाच येतो. साहेबांनी ते लगेच मान्य केलं, कारण न मानायला आधी समजून घ्यावं लागलं असतं. विकणाऱ्याला कडक शब्दांत सुनावण्यात आलं. दवाखान्याच्या मंडळींनी नाइलाजानं मुदत वाढवून दिली. शाखांचा कारभार डबलरावांकडे आला तो आलाच.

चार-दोन दिवसांनी दुपारी ताई न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. भांडायला नव्हती आली. तसं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

"एकच विचारते, खरं सांगा. मी थांबवा म्हटलं तेव्हा थांबवलं असतं, तर काही उरलं असतं का?"

डबलराव हिरव्या दिव्यांकडे बघत होते. गार हवेचं यंत्र घरघरत होतं.

"नाही. पहिल्या मिनिटालाच गेलं होतं सगळं."

तिनं श्वास सोडला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

"मग तुमचा तरी काय दोष," ती म्हणाली आणि दवाखान्याची पहिली भिंत नव्यानं काढायला आपल्या टेबलाकडे गेली.