वरचं अर्धं पान

मघाशी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी शिक्का मारायला पॅड उघडलं आणि त्या जांभळ्या शाईच्या वासानं मला तळेगावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. सरकारी निधी आधी मेट्रोला द्यायचा की लोणावळ्याच्या लोकल वाढवायला, यावर लोकांचं मत ऐकायला ती सभा बोलावली होती. पंखे कुरकुरत होते, दारात आल्याचा चहा उकळत होता आणि भाषणं सुरू व्हायच्या आधीच एक कारकून कागद आणि पॅड घेऊन रांगांमधून फिरत होता. वरचं अर्धं पान कोरं, खाली नुसते अनुक्रमांक. माझ्या शेजारी आंदर मावळातली एक भाजीवाली मावशी बसली होती; दुपारी लोकल नाही म्हणून रोज कान्हे स्टेशनवर ताटकळणारी. तिनं अंगठा पदराआड लपवला. "वर काय लिवणार हाय?" "काही नाही मावशी, नुसती हजेरी." "मंग तसं लिव की. लिवल्याबिगर म्या न्हाई अंगठा द्यायची." कारकून हसला. मी शिकलासवरलेला शिक्षक. मीही हसलो आणि झोकात सही ठोकली. काही महिन्यांनी माहितीच्या अधिकारात तो कागद हाती आला. वरच्या अर्ध्या पानावर टाइप केलं होतं: दुपारच्या लोकलची गरज नाही, निधी मेट्रोला द्यावा, यास आमची संमती आहे. खाली पहिलीच सही माझी. आज सेक्रेटरींनी वरून कोराच कागद सहीसाठी पुढे सरकवला, तेव्हा मी विचारलं, "वर काय लिहिणार?" ते हसले, अगदी मी तेव्हा हसलो होतो तसेच.