हिरवा ठिपका

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबसाठी मी सॉफ्टवेअरचे दोन प्लॅन ताडून पाहत होते. महागड्यात प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आणि नोकरी सोडलेल्याचा तो बंद करायची सोय. स्वस्तातल्यात आत्तासारखाच सगळ्यांना एक.

"आपण सगळी घरचीच माणसं, मॅडम. स्वस्तातला घ्या," शेजारी बसलेली सुनीता म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर आमच्या रिपोर्टांच्या यादीत एका नावापुढे हिरवा ठिपका लागला. कुणीतरी तो रिपोर्ट उघडला होता. लॅबमध्ये तर आम्ही दोघीच होतो. सोडून गेलेल्यांचे ओळखीचे चेहरे एकेक करून परके होऊ लागले. माणसाला निरोप देताना आपण पेढे वाटतो, किल्ली परत मागायला मात्र लाजतो.

सुनीताने वाकून रिपोर्टवरचं नाव वाचलं. "मॅडम, हा तुमचाच."

कालचा तो रिपोर्ट मी अजून घरीही सांगितला नव्हता.