काळ्या राजासाठी केळी

आमच्या रविवारच्या टोळीचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा होतो, किस्सा काही संपत नाही. एक सांगावा तर दुसरा मधेच तोंड घालतो. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो. घरात वाट्या-चमचे कसे वाढत जातात, तसं हे. फक्त अलीकडं एक व्हायला लागलंय. सांगताना आधी हसू येतं, अन् मग सगळे गप्प बसतात.

टोळी म्हणजे चौघंच. कांबळे मॅडम, नांदेडच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. हमीदभाई, लग्नाचे फोटो काढणारे. बालाजी, अर्धापूरचा केळीवाला शेतकरी. आणि मी दत्ता, बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. मला फुलपाखरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याकडं गाडी होती, एवढीच माझी लायकी!

मॅडमचा जीव एका फुलपाखरावर. आम्ही त्याला काळा राजा म्हणतो. काळाभोर, पांढरट पट्टा, मागं दोन शेपट्या, अन् उडतो असा की बंदुकीतून सुटल्यासारखा. त्याच्या अळ्या चिंचेचा पाला खातात. मॅडम नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा किनवटच्या रस्त्यावर त्यांनी तो ढिगानं पाहिलेला. आता त्यांच्या डोळ्यांना शुगरनं धरलंय. नजर पुरती जायच्या आत तो एकदा डोळे भरून बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आमचे सगळे रविवार त्याच्याच मागं गेले.

*

काळा राजा फुलांकडं ढुंकून बघत नाही. राजाच तो! त्याला लागतात सडकी केळी. म्हणून बालाजी शनिवारी काळी पडलेली केळी कुस्करून त्यात गूळ घालायचा, वर थोडी शिंदीची दारू, अन् डबा रातभर माझ्या गाडीत. रविवारी दार उघडलं की माझ्या बायकोचा पदर थेट नाकाला.

एकदा भोकरच्या पुढं पोलिसानं गाडी अडवली. काच खाली केली तसा भपकारा त्याच्या तोंडावर गेला.

"काय हाय ह्याच्यात?"

"फुलपाखराचं जेवण हाय, साहेब," बालाजी म्हणाला.

पोलिसानं डबा उघडला, वास घेतला, आमच्याकडं बघितलं. मागच्या सीटवर पांढऱ्या साडीतल्या मॅडम, मांडीवर पर्स घेऊन.

"फुलपाखराचं हे जेवण," तो म्हणाला, "मग तुमचं काय असंल!"

मॅडमनी त्यालाही सोडलं नाही. खाली उतरून त्याला काळ्या राजाची सगळी माहिती सांगितली. तो बिचारा ऐकत उभा राहिला अन् शेवटी म्हणाला, "मॅडम, लहानपणी आमच्या गावच्या चिंचेखाली असलं कायतरी लई यायचं. आता चिंचच न्हाई." मग त्यानं डबा स्वतःच्या हातानं गाडीत ठेवून दिला.

*

चिंचा गेल्या त्या आमच्या डोळ्यांदेखत. किनवटच्या रस्त्यावरची निजामाच्या काळातली झाडं, दोन्ही बाजूंनी वर जाऊन एकमेकांत मिसळलेली. रस्ता रुंद व्हायचं निघालं अन् एका रविवारी बघतो तर सगळीकडं नुसते ओंडके. मॅडम एका बुंध्यावर बसल्या त्या उठेनात. मला तर शिव्या द्याव्या वाटत होत्या, पण द्यायच्या कुणाला? रुंद रस्ता आम्हालाही हवाच होता की. खड्ड्यांच्या नावानं मीच सगळ्यात जास्त बोंबलायचो.

पुढं रस्ता झाला. कडेनं हिरवीगार रोपं लागली. मॅडमनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "ही कुठली झाडं?"

त्यानं काहीतरी फॉरेनचं नाव सांगितलं. "लई भारी झाड हाय मॅडम. बाराही महिने हिरवं. जनावर तोंड लावीत न्हाई, किडा लागत न्हाई. एक अळी दिसली तर नाव बदलीन!"

त्याला वाटलं, बाई खूश होतील. मॅडम गाडीत येऊन बसल्या. वाटेत एका टपरीवर मी गाडी थांबवली. बालाजीनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं अन् म्हणाला, "मॅडम, खाली तर उतरा, चहा घेऊ." त्या म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं रे? त्यानं चांगलंच झाड निवडलं." अन् चष्मा काढून पुसत बसल्या.

*

बालाजीचं लग्न मोडलं तो किस्सा मात्र हसण्यासारखा आहे. म्हणजे आम्ही हसतो, बालाजी हसत नाही.

मॅडमच्या नादी लागून त्यानं बांधावरच्या कागदी लिंबावर फवारा मारायचा सोडला. लिंबावर अळ्याच अळ्या! झाड बोडकं झालं. बाप ओरडायचा, "गाव अळ्या मारून राहिलं अन् आमचं लेकरू पाळून राहिलं!"

तेवढ्यात उदगीरकडचे पाहुणे शेत बघायला आले. केळीची बाग बघून खूश. जाता जाता होणाऱ्या सासऱ्याची नजर लिंबावर गेली.

"ह्याला काय झालं?"

आता गप्प बसावं की नाही? दुष्काळ म्हणावं, रोग म्हणावं. पण हे आमचं येडं मोठ्या अभिमानानं सांगतंय, "फुलपाखरं वाढवायलोय."

पाहुण्यानं तिथंच पटका नीट केला. "ज्याला अळी हाकलता येईना, तो माझी पोरगी काय सांभाळणार?" झालं! चहासुद्धा न घेता मंडळी उठली.

त्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं की केळीची पानं करपली, घड उकडल्यासारखे काळे पडले. लिंबावरचे कोषही वाळून गेले. बालाजीनं एक कोष तळहातावर घेऊन मला दाखवला. आतून पंखांचे रंग दिसत होते, पण बाहेर येणारं कुणी नव्हतं.

"दत्ताभाऊ," तो म्हणाला, "लग्न मोडलं तवा मी रडलो न्हाई बरं का." अन् आता माझ्यासमोर तो ढसाढसा रडला.

*

हमीदभाईंचा तोरा वेगळाच. चार माणसांत फुलपाखरं त्यांच्याच अंगावर बसणार! इस्लापूरच्या अलीकडं एक ओढा आहे, तिथं ओल्या रेतीवर फुलपाखरं थव्यानं पाणी प्यायला बसायची. एका एप्रिलात गेलो तर ओढ्यात रेती तेवढी, ओल नाहीच. आम्ही नाराज होऊन सावलीला बसलो. अन् बघता बघता बारकी निळी फुलपाखरं हमीदभाईंच्या शर्टावर उतरली. पाठीवर, मानेवर, कानावर. घामानं भिजलेला माणूस नुसता निळा झाला!

हमीदभाई पुतळ्यासारखे बसले अन् डोळे मिटून म्हणाले, "देखो दत्ताभाऊ, लग्नात नवरदेवाला कुणी विचारंना, सगळे फोटोग्राफरच्या मागं. हितंबी तेच! इज्जत कमावली हाय आपण, इज्जत!"

बालाजी खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सोंडा लांब करून घाम पिणाऱ्या त्या जिवांकडं मान वाकडी करून पाहिलं.

"हमीदभाई," त्या म्हणाल्या, "ही इज्जत नाही. तहान आहे."

हमीदभाईंचं तोंड उतरलं. पण ते उठले नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी तसेच उन्हात सरकून बसले, अजून घाम यावा म्हणून.

*

मॅडमची लेक लातूरला असते, डोळ्यांचे डॉक्टरही तिथलेच, म्हणून मॅडम अधूनमधून महिना-महिना तिथं राहायला जायच्या. लातूरला पाण्याची काय दशा ते तुम्हाला सांगायला नको. टँकरची वाट बघणारं शहर ते. तिथं गच्चीवर मॅडमनी कुंडीत कढीपत्ता लावला अन् भांडी धुतलेलं पाणी त्याला घालून जगवला. अर्थातच त्यावर अळ्या आल्या.

लेक म्हणाली, "आई, फोडणीला एक पान ठेवलं नाही यांनी!"

"तू बाजारातून आण ना. त्यांना बाजाराला जाता येत नाही."

त्याच आठवड्यात मी गाडी घेऊन लातूरला गेलो अन् त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण, समजावून सांगणारे. म्हणाले, "आजी, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. समोर बघाल तिथं धूसर डाग दिसेल. कडेचं दिसत राहील. हललेलं कळेल."

मॅडमनी जरा विचार केला. "म्हणजे उडणारं दिसेल, बसलेलं दिसणार नाही?"

डॉक्टरांना काही कळेना. ते माझ्याकडं बघायला लागले. मी खाली वाकून मॅडमच्या चपला त्यांच्या पायांपाशी सरकवल्या.

*

दिवाळीनंतर लेकीनं ठरवलं, आईला आता कायमचं लातूरला न्यायचं. आमचा शेवटचा रविवार आला. बालाजीनं बागेतली सगळ्यात चांगली केळी पिकवून सडवली. असलं काम कोण करतं सांगा! हमीदभाईंनी लग्नाची ऑर्डर सोडली. इस्लापूरच्या पलीकडं रस्त्यापासून आत चिंचेची दोन-तीन जुनी झाडं अजून शिल्लक आहेत, तिथं आम्ही दगडावर केळी मांडली अन् वाट बघत बसलो.

सकाळ गेली. दुपार झाली. माश्या आल्या, मुंगळे आले, एक गांधीलमाशी आली. राजा काही आला नाही. मॅडम खुर्चीवर ताठ बसलेल्या, हात मांडीवर. मधूनमधून विचारायच्या, "काही?" आम्ही म्हणायचो, "येईल, येईल." उन्हं कलली. लेकीचा फोन येऊन गेला. निघायची वेळ झाली तरी निघू म्हणायची कुणाची हिंमत होईना.

अन् एकदम हमीदभाई दबक्या आवाजात बोलले, "मॅडम! आला! केळीवर बसला!"

मी अन् बालाजीनं दगडाकडं बघितलं. दगडावर माश्या होत्या.

मॅडम उठल्या. मी हात धरून त्यांना पुढं नेलं. त्यांनी डोळे बारीक केले, मान इकडं वाकडी केली, तिकडं केली.

"कसा बसलाय?"

"शान में बसलाय मॅडम," हमीदभाई म्हणाले. "पंख पुरे उघडून. काळाभोर. पट्टा नुसता चमकून राहिलाय."

बालाजीनं जीभ चावली. खाताना काळा राजा पंख मिटूनच बसतो. घट्ट मिटून. काही केल्या उघडत नाही. हे आम्हा तिघांना मॅडमनीच शिकवलेलं. हमीदभाईंनाही ठाऊक होतं, पण बोलण्याच्या भरात बोलून गेले अन् मग त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पडला. घाईघाईनं त्यांनी कॅमेरा वर केला.

मॅडमनी चाचपडत त्यांचा दंड शोधला अन् हळूच हात ठेवला.

"फोटो नका काढू हमीदभाई," त्या म्हणाल्या. "उडून जाईल तो."