चिखलातला आपला माणूस

डोंबिवलीत वेडेपणाचा तुटवडा कधीच नव्हता. पण आमच्या भाऊजींइतका मन लावून, घाम गाळून केलेला वेडेपणा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कचेरीत जन्म काढला, तोवर माणूस बरा होता. मग लेक नोकरीला हॉलंडला गेली, हे दोघं एक हिवाळा तिच्याकडे राहून आले आणि सगळं बिघडलं. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. भाऊजींनी एक सायकलपटू आणला. प्रत्यक्ष नव्हे, डोक्यात.

हा गृहस्थ लेकीच्या घरमालकिणीचा मुलगा, पेशाने सायक्लोक्रॉसवाला. सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे भाऊजींनी मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. कडाक्याच्या थंडीत शेतात चिखल करायचा, त्यात सायकल घालायची, रुतली की खांद्यावर घ्यायची आणि पळत चढ चढायचा. आपल्याकडे याला पंक्चर म्हणतात. तिकडे याचा पगार मिळतो. या गृहस्थाने एकदा ताईच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि आणखी एक मागितलं. तेवढ्यावर भाऊजींनी त्याला दत्तकच घेतलं. त्याचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून तो 'आपला माणूस' झाला.

आपला माणूस कधी जिंकला नाही. कधी नववा, कधी अकरावा, कधी थेट रुग्णालयात. पण भाऊजींच्या मते तो हरतही नसे. चिखल पातळ असे, नाहीतर फार घट्ट असे. हिवाळ्यातल्या दर रविवारी दिवेलागणीला ते मोबाइल घेऊन बसत आणि "अरे उतर, खांद्यावर घे!" असं ओरडत. ठाण्याला एका साखरपुड्यात ऐन अंगठीच्या वेळी ते असे ओरडले, तेव्हा नवरदेव बिचारा दचकून खुर्चीवरून उतरला. एकदा पुढचे दोघे-तिघे एकमेकांवर आदळले आणि आपला माणूस तिसरा आला. भाऊजींनी सोसायटीत पेढे वाटले. समोरच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "लेकीचं जमलं वाटतं?"

"तिसरा!" भाऊजी आनंदाने म्हणाले.

काकू अजून आमच्या भाचीबद्दल हलक्या आवाजात बोलतात.

पुढे नुसतं बघून भागेना. सायकल आली, पोट मावणार नाही असा नारिंगी शर्ट आला. एका पावसाळ्यात टेम्पोत सायकल घालून भाऊजी आम्हाला खडवलीला नदीकाठी घेऊन गेले आणि आमच्यादेखत गुडघाभर चिखलात शिरले. पुढे सायकल निघेना, मागे भाऊजी निघेनात. ताई काठावर डबा उघडून बसली होती. ती म्हणाली, "अहो, बाजूने चांगला रस्ता आहे ना!" शेवटी टेम्पोवाल्याने दोरी टाकली. घरी आल्यावर सायकलला पाइपने आंघोळ. सोसायटीचे सेक्रेटरी खालून ओरडले, "तिकडे दिवा गावात लोकांना प्यायला पाणी नाही हो!" भाऊजींनी त्यांना चिखलाने चेनचं काय होतं ते समजावलं.

मग गेल्या हिवाळ्यात लेकीने कळवलं की आपल्या माणसाचे गुडघे गेले, ही त्याची शेवटची शर्यत. भाऊजींनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. मी गेलो तो टिंगल करायलाच. शर्यत टीव्हीवर लावली होती, आणि काय सांगावं, शेवटच्या फेरीला आपला माणूस सगळ्यांच्या पुढे! भाऊजी ओरडायचेसुद्धा विसरले. मी काहीतरी तिरकस बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आणि शेवटच्या उतारावर तो घसरला. चेन निघाली. बसवायला वेळच नव्हता. त्याने सायकल खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. एकेक जण त्याला मागे टाकत गेला. सातवा आला.

थोड्या वेळाने फोन वाजला. भाची तिकडे शर्यतीच्या कडेला, दोरीपाशी उभी होती. तिने फोन त्याच्या हातात दिला. पडद्यावर नुसता चिखल आणि दोन डोळे.

"थँक यू, काका," तो म्हणाला.

भाऊजींनी सकाळपासून आरशासमोर एक इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. ते उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. शेवटी म्हणाले, "नेक्स्ट इयर. नेक्स्ट इयर, नक्की!"

तिकडे त्याने डोळ्यांवरचा चिखल पुसला. "येस, काका," तो म्हणाला, "नेक्स्ट इयर."

भाऊजींनी मान डोलावली, फोन ताईकडे दिला आणि बाल्कनीत गेले. काही वेळाने मीही गेलो. ते खाली रस्त्याकडे बघत होते.

"थंडी पडायला लागली हो," ते म्हणाले.

डोंबिवलीत कसली थंडी! माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"हो ना," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.