जुन्या मेडिकल स्कूलचा संगमरवर

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच घटना विसरलो. ही मात्र विसरता येत नाही.

आमच्या हद्दीत जुन्या मेडिकल स्कूलची इमारत होती. इंग्रजांच्या काळात तिथे डॉक्टर घडले. पुढे शहरात मोठं कॉलेज झालं आणि इथे कुलूप लागलं. आता डागडुजी करून तिथे वैद्यकीय संग्रहालय व्हायचं होतं, आणि नेमक्या तेव्हाच शवविच्छेदनाच्या टेबलांवरच्या संगमरवरी फरश्या चोरीला गेल्या. कुलूप शाबूत, चावी राखणदार मावशींकडे. सगळ्यांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं. त्यांची नोकरी जायची वेळ आली, गल्लीतल्या बायका बोलेनाशा झाल्या.

“मी काहून चोरू साहेब? येवढी फरशी मले हालते तरी का?” मावशी म्हणाल्या.

मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मग खबर आली. मनीषनगरात एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचा ओटा बसवताना गवंड्याला फरशीच्या खालच्या अंगाला कोरलेली पन्हळ दिसली होती. पोलिसाने शवागारं पाहिलेली असतात. ती पन्हळ प्रेताचं रक्त-पाणी वाहून जायची, हे मी बघताक्षणी ओळखलं. फरशी जप्त केली. विकणारा निघाला डागडुजीचाच ठेकेदार. कामासाठी मावशी रोज त्यालाच चावी देत.

चौकशीत गडी बधेना. “जुन्या बंगल्याचा माल आहे साहेब,” एवढंच पालुपद. अशी माणसं दरडावलं तरी तोंड उघडत नाहीत. मी तर्री-पोहे मागवले, तीच फरशी दोन बाकांवर आडवी टाकली आणि त्यावर प्लेटी मांडल्या. पहिला घास मी घेतला. हवालदाराने डोळे मिटून घेतला.

“खा ना गा, पोहे थंडे होऊन राहिले.”

“मले भूक नाही साहेब.”

“मघाशी बिस्किटांचा पुडा फस्त केला, अन् आता भूक नाही?”

त्याने प्लेट दूर सारली. “मुडदे ठेवत होते साहेब त्याच्यावर. माह्याच्यानं नाही होत.”

जुन्या बंगल्याच्या मालावर मुडदे कुठून आले? फरशी कुठली, हे त्यानेच सांगून टाकलं! लोकांच्या स्वयंपाकघरात लावायला चालली, स्वतःला मात्र घास गिळवेना. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला घेऊन तडक त्याने सांगितलेलं लकडगंजचं गोदाम गाठलं. उरलेल्या सगळ्या फरश्या पंचांसमक्ष हाती लागल्या. त्या दिवशी छाती अभिमानाने फुगली होती, खोटं कशाला बोलू!

मावशींना ठाण्यात बोलावून सांगितलं, “तुमच्यावर आता काही नाही.”

त्या जागच्या हलल्या नाहीत. “आतमंदी नका सांगू साहेब. चोर म्हनलं, तवा सगळ्यायच्या समोर म्हनलं होतं.”

मावशींना ठाण्यात बोलावल्याचं कळून फाटकाबाहेर त्यांची अख्खी गल्ली जमली होती. मी टोपी चढवली, बाहेर आलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “या बाईंनी काहीही चोरलेलं नाही. चोर कोठडीत आहे.”

मावशी शेजारणीकडे वळल्या. “आयकलं का वं?”

चोर पकडला की पोलिसाचं काम संपत नाही. निर्दोष माणसाचं नाव चारचौघांत गेलेलं असतं. ते चारचौघांतच परत करावं लागतं.