मानेचं लाकूड

पुण्याहून मिरजेची गाडी धरली तेव्हा माझ्या मांडीवर वाकलेली गिटार होती. ती माझा मित्र आंतोन एका हॉटेलात वाजवायचा. तिची मान, म्हणजे ज्यावर बोटं फिरतात तो लांब दांडा, मोडली तेव्हा मीच नवी बसवली होती. महायुद्धामुळे परदेशी लाकूड मिळेना, म्हणून खोक्याची फळी वापरली. तीन महिन्यांत सहा पोलादी तारांनी तिला पार वाकवलं. महिनाअखेर गिटार सुरात आली नाही तर हॉटेलमालक दुसरा वादक ठेवणार होता. चूक माझी, नोकरी जायची आंतोनची.

आधी वाटेत उतरून मोटारीनं सातारा गाठलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढावर दमली आणि आम्ही सगळ्यांनी ती ढकलली. वखारीत सागवान नव्हतंच. "समदं मिल्ट्रीनं नेलं," वखारवाला म्हणाला. उरला होता आंबा आणि बाभूळ. आंब्याला कीड लागते, बाभूळ भलती जड. माझा चेहरा पाहून त्यानंच कुंडलच्या धोंडीबा सुताराचं नाव सांगितलं.

ताकारी स्टेशनवरून बैलगाडी केली. दोन्ही बाजूंना गाडीहून उंच ऊस, वर आभाळाची तेवढी पट्टी. वाटेत गुऱ्हाळावर भाकरी आणि गरम काकवी (उसाचा दाट पाक) खाल्ली. इतकं गोड आणि इतकं हिरवं मी एका दिवसात कधी अनुभवलं नव्हतं.

धोंडीबा सत्तरीचा, काटक माणूस. "मानेसाठी लाकूड हवंय. ताण सोसणारं, न पिळणारं," मी म्हटलं.

"व्हय की," म्हणून तो आत गेला आणि खांद्यावर बैलांचं जुनं जू घेऊन आला.

मला हसू फुटलं. मी गिटार पिशवीतून काढून दाखवली. तो मात्र हसला नाही. एक डोळा मिटून त्यानं दांड्यावरून नजर टाकली, मग एका जागी बोट ठेवलं. "हितनं मार खाल्लाय."

अगदी तिथंच! जन्मात गिटार न पाहिलेल्या माणसानं माझी चूक एका नजरेत पकडली. मी थक्क झालो.

"ह्ये शिवनीचं (शिवण झाडाचं) हाय," तो म्हणाला. "लय हलकं. दोन बैलं दोनीकडं वडली तरी पिळत न्हाई, आन मानंला घट्टंबी पाडत न्हाई. माज्या बानं घडीवलंय. कान लावा."

मी एका टोकाला कान लावला. त्यानं दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेरानं टकटक केली. पितळी भांड्यासारखा स्वच्छ आवाज आला आणि अंगावर काटा उभा राहिला.

"द्याल मला?"

"न्या. बैलांस्नी नवं केलंय. ह्ये जळणात घालाय जीव हुईना."

परतीच्या गाडीत तिकीट तपासनीसानं जू पाहून विचारलं, "बैल मागच्या डब्यात का?" अख्खा डबा हसला.

घरी मान घडवली, तारा चढवल्या आणि आठ दिवस रोज दांड्यावर दोरा ताणून तो वाकतोय का ते पाहिलं. केसभरही फरक नाही.

शनिवारी हॉटेलात आंतोन दोन तास वाजवत होता. मालक दारात उभा राहून पायानं ठेका धरत होता. मी भिंतीशी टेकून ऐकत होतो, पण सूर कुठले कानात शिरायला! डोळे दांड्यावरच खिळले होते. गिटारची मान ताठ होती. आणि बऱ्याच दिवसांनी माझीही.